तान्ह्याला हगवण लागू नये म्हणून: अंगावरच्या दुधाची गोष्ट घरोघर कशी पटवावी

आमचं गाव पारोळा तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. काठचं म्हणायला, कारण नदीला पाणी पावसाळ्यापुरतंच. चैत्र-वैशाखात आमच्या नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी घरातलं रिकामं भांडं म्हणून राहत नाही. टाकी, ड्रम, हंडे, कळशा, बादल्या सगळं भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. पहिल्या दिवशी पाणी नितळ असतं. आठव्या दिवशी ड्रमाच्या आतून बोट फिरवा, बुळबुळीत लागतं. त्याच ड्रमात सकाळपासून दहा हात तांब्यासकट बुडालेले असतात. आणि त्याच पाण्यानं बाळाची बाटली धुतली जाते, चमचा विसळला जातो, गुटीचं खोड उगाळलं जातं.

मी 2010 पासून गावात आशा म्हणून काम करते. तान्ह्या बाळाची हगवण मी जेव्हा जेव्हा पाहिली, तेव्हा ती कुठून आली हे शोधत गेले की बहुतेक वेळा याच ड्रमापाशी पोचले. अंगावरचं दूध आईकडून थेट बाळाच्या तोंडात जातं. मधे भांडं नाही, पाणी नाही, माशी नाही, कुणाचा हात नाही. म्हणून माझं सगळं सांगणं एवढ्यावर येतं: पहिले 6 महिने बाहेरच्या पाण्याला बाळाच्या पोटात जायची एकही वाट ठेवायची नाही. नव्यानं लागलेल्या आशाताई, अंगणवाडीच्या सेविका आणि ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्या सासवा, आया, नवरे यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी माझं सांगते. माझा थोरला चार महिन्यांचा असताना त्याला जुलाब लागले. मी अंगावर पाजत होते, पण दुपारी कापूस वेचायला जायचे तेव्हा घरी बाटली चालू होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, आईचं दूध बाधलंय, अंगावरचं बंद करा आणि डब्याची पावडर सुरू करा. आम्ही ऐकलं. माझी छाती दाटून दगड झाली, अंगात ताप भरला आणि पोराचे जुलाब दुपटीनं वाढले. चौथ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले होते आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. सलाइनवर तो वाचला. पुढे आशाच्या प्रशिक्षणात ऐकलं की जुलाबात अंगावरचं दूध कधीच बंद करायचं नसतं, उलट जास्त वेळा पाजायचं असतं. त्या दिवशी मी वर्गात बसून रडले. म्हणून आजही कुठं "दूध बाधलं" हा शब्द कानावर आला की मी चहासुद्धा न घेता तिथंच बसते आणि समजावते.

आठव्या महिन्यात सासूशी बोला

नव्या आशाताई सगळं गरोदर बाईलाच सांगतात. ती मान डोलावते. पण बाळ झाल्यावर त्याच्या तोंडात पहिलं काय जाईल हे तिच्या हातात नसतं. ते सासू ठरवते, नाहीतर आई. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तेव्हा दोन घरं धरावी लागतात. मी आठव्या महिन्यात सासूकडे जाते आणि माहेर ज्या गावात असेल तिथल्या आशाताईला फोन करून ठेवते.

एक जिजी होती, वय सत्तरच्या पुढे, घरी दोन गाई. नातवाला पहिले तीन दिवस साखरपाणी आणि मध द्यायचा, चिकाचं दूध पिळून टाकायचं, हे तिनं पक्कं केलं होतं. "ते पिवळं खराब ऱ्हास," म्हणाली. आम्ही गोठ्यापाशीच उभ्या होतो. मी विचारलं, "जिजी, गाय व्याली की वासराला पहिलं काय पाजता?"

"चीक."

"किती वेळानं?"

"उभं ऱ्हायनं का लगेच."

"आणि नाही पाजला तर?"

जिजी म्हणाली, "हागवन लागस. वासरू हाती नही लागत." आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे काहीच बोलले नाही. गाईच्या चिकाचं मोल तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. त्या घरात नातू झाला तेव्हा पहिल्या तासात त्याला छातीला लावलं गेलं, आणि ते लावायला जिजी स्वतः पुढे होती.

गोठा असलेल्या घरी हे बोलणं करून बघा. नुसतं "चीक द्या" म्हणू नका, त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मग सांगा की आईचं चिकाचं दूध थोडं, घट्ट, पिवळसर असतं आणि त्यात रोगाशी लढणारी द्रव्यं ठासून भरलेली असतात. ती बाळाच्या आतड्याला आतून लेप दिल्यासारखी बसतात, जंतूला चिकटू देत नाहीत. पहिल्या दिवशी बाळाचं पोट बोराएवढं असतं, एका वेळी चमचाभर दूध त्याला पुरतं. त्यामुळे "तिला दूधच आलं नाही, चमचाभरच येतंय" हे ऐकलं की सांगायचं, चमचाभरच लागतंय.

मध तर अजिबात नको. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून विषबाधा होऊ शकते. साखरपाणी, गूळपाणी, गुटी, ग्राइप वॉटर, एरंडेल, यांतलं काहीही नको. गुटीबद्दल म्हाताऱ्या माणसांचं मन दुखतं, हे मला माहीत आहे. मी त्यांना सहाण दाखवायला सांगते. सहाणेच्या खाचेत मागचं वाळलेलं उगाळण असतंच असतं. बाळाला डॉक्टरनं दिलेलं औषध आणि ओआरएस सोडून सहा महिने दुसरं काही नको, एवढी एक मर्यादा घालून द्या.

पहिला तास, आणि तोंडात नीट घेणं

बाळ जन्मलं, पुसलं, की आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं. पहिल्या तासाच्या आत पाजायला सुरुवात. सिझर झालं तरी आई शुद्धीवर असली की कुशीवर बाळ लावता येतं, फक्त कुणीतरी धरायला हवं. त्यासाठी दवाखान्यात सोबत जाणारी बाई आधीच ठरवून तिला हे शिकवून ठेवा. पिशवीत थर्मास, बाटली, डबा भरून नेऊच नका. बाटली हाताशी असली की रात्री दोन वाजता ती वापरली जाते.

आता जी गोष्ट मी प्रत्येक घरी जमिनीवर बसून, डोळ्यांनी बघते ती सांगते. आईची पाठ भिंतीला टेकलेली, मांडीवर उशी किंवा घडी घातलेली गोधडी. बाळाचं पोट आईच्या पोटाला लागलेलं, मान-पाठ-कंबर एका रेषेत. बरेचदा बाळ आकाशाकडे तोंड करून झोपलेलं असतं आणि फक्त मान वळवून पितं. आपण स्वतः मान वळवून पाणी पिऊन बघावं, कळेल. आई वाकून बाळाकडे जात असेल तर तिची पाठ धरते. बाळाला छातीकडे आणायचं. बोंडी बाळाच्या वरच्या ओठाला लावायची आणि थांबायचं. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की झटकन जवळ घ्यायचं. नुसती बोंडी तोंडात गेली तर दूध निघत नाही आणि भेगा पडतात. भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा.

बरोबर लागलंय का, हे चार खुणांनी कळतं. हनुवटी छातीला टेकलेली. तोंड मोठं उघडलेलं. खालचा ओठ बाहेर वळलेला. काळा भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला जास्त दिसतो. मग कान द्या. आधी भरभर ओढतं, मग संथ आणि खोल, मधे गिळल्याचा "क्क" असा बारीक आवाज. आईला दुखत असेल तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यात घालून सोडवा आणि परत लावा. दहा वेळा लावावं लागलं तरी लावा. भेगांवर बाहेरचं मलम कशाला, पाजून झाल्यावर स्वतःचंच दोन थेंब दूध लावून वाऱ्यावर वाळू द्यावं. पण लावण्याची पद्धत सुधारल्याशिवाय भेगा भरत नाहीत.

चोवीस तासांत 8 ते 12 वेळा, रात्रीसुद्धा. रात्रीचं पाजणं सोडू नका, दूध वाढवणारं संप्रेरक रात्री जास्त तयार होतं.

"उन्हाया इतला तपी ऱ्हायना, पोऱ्याले पानी नको?"

हा प्रश्न मला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास रोज येतो. आखाजीला लेकी माहेरी येतात, कडेवर तान्ही पोरं, बाहेर 44-45 अंश. आजी, मामी, शेजारीण प्रत्येकीला वाटतं पोराचा गळा सुकला असेल. वाटणं मायेतूनच येतं. म्हणून मी त्यांना रागावत नाही.

मी सांगते, आईच्या दुधातले शंभरातले जवळजवळ 88 भाग पाणीच असतं. तेही गाळलेलं, उकळलेलं नव्हे, तिच्या अंगातून आलेलं. पाजायला सुरुवात केली की आधी पातळ दूध येतं, त्यानं तहान भागते, मग घट्ट येतं, त्यानं पोट भरतं. उन्हाळ्यात बाळ थोडं थोडं पण जास्त वेळा मागतं, तेव्हा छातीलाच लावायचं. पाण्याचे चार चमचे पाजले तर दोन नुकसानं होतात. पोट पाण्यानं भरतं म्हणून दूध कमी ओढलं जातं, आणि ड्रमातलं जे काही आहे ते आत जातं. पाणी प्यायचं ते आईनं. काही घरांत बाळंतिणीला पाणी मोजून देतात, ते चुकीचं आहे. मी पाजायच्या जागेशेजारी तिच्यासाठी भरलेला तांब्या ठेवायला लावते. जेवणात नेहमीची बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, डाळ, शेंगदाण्याची चटणी, डिंकाचा लाडू असला तर उत्तमच. दोन वेळा जेवत होती तर आता तीन-चार वेळा.

दूध पुरत नाही असं वाटतं तेव्हा

बाटली घरात शिरते ती याच वाटेनं. "तिले दूधच नही." सासू म्हणते, शेजारीण म्हणते, मग आईलाही तसंच वाटायला लागतं. बाळ रडलं की भूक, असं धरून चालतात. ते गरम होतंय म्हणून रडतं, ओलं झालं म्हणून रडतं, नुसतं कुशीत घ्या म्हणूनही रडतं.

मी सांगते, दोरीवरचे लंगोट मोजा. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळपर्यंत बाळानं किती वेळा लंगोट ओला केला? पहिला आठवडा उलटल्यावर 6 किंवा जास्त वेळा, आणि लघवी पांढरी, पिवळीधमक नाही, तर दूध पुरतंय. हे मोजायचं काम मी मुद्दाम सासूला देते. एका घरी सासूनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या होत्या, नऊ भरल्या. तिनं स्वतः मोजलेल्या नऊ रेघांपुढे मला काही बोलावं लागलं नाही. दुसरी खूण वजनाची. जन्मानंतर पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत परत जन्मावेळचं होतं आणि पुढे महिन्याला अर्धा किलो तरी वाढायला हवं. आशाच्या भेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी असतात, तेव्हा वजन होतं. या भेटी चुकवू नका. वजन वाढत नसेल, लघवी कमी असेल, तर मात्र "बघू चार दिवस" न करता डॉक्टरकडे.

दूध वाढवायचा उपाय एकच: जास्त वेळा लावणं. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसंच. एक वेळ बाटली दिली की तेवढी एक वेळ छातीला मागणी कमी, दुसऱ्या दिवशी दूध तेवढं कमी, मग दुसरी बाटली. महिनाभरात आई म्हणते, आटलं.

आणखी एक, याचा फार घोळ होतो. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली असते. दिवसातून सात-आठ वेळाही होते. तीच हगवण समजून औषधं सुरू होतात. बाळ पितंय, खेळतंय, लघवी होतेय, वजन वाढतंय, तर ती हगवण नाही. रोजच्यापेक्षा अचानक जास्त वेळा आणि नुसती पाण्यासारखी व्हायला लागली, वास बदलला, तर हगवण समजा. दीड-दोन महिन्यांनंतर काही बाळं चार-पाच दिवस शी करत नाहीत. पोट मऊ असेल तर त्यालाही एरंडेल नको.

बाटली उघडून दाखवा

माझ्या पिशवीत नेहमी एक नवं ब्लेड असतं. ज्या घरी बाटली चालू आहे तिथं मी जुनं निपल मागते आणि त्यांच्यासमोर उभं कापते. एकदा एका मामींनी ठामपणे सांगितलं होतं, रोज गरम पाण्यानं धुते. खरंच धूत होत्या. निपल कापलं, उलटं केलं, तर आतल्या कडेच्या घडीत पिवळट साय बसलेली, नखानं खरवडली तर निघाली, आंबूस वास आला. मामींनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि बराच वेळ नातवाकडे बघत बसल्या. तिथं मी एवढंच म्हटलं, "तुमची चूक नाही. याच्या आत हात पोचतच नाही."

डब्याच्या पावडरचं सांगायचं तर घरातल्या शिकलेल्या माणसाला डबा हातात द्या आणि वरची सूचना मोठ्यानं वाचायला लावा. 1992 च्या कायद्यानं प्रत्येक डब्यावर लिहावंच लागतं की आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे. याच कायद्यानं दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी अशा दुधाची जाहिरात करायलाही बंदी आहे. कुणी फुकट नमुना देत असेल तर घेऊ नका. एखाद्या आईला खरोखरच, डॉक्टरच्या सांगण्यावरून, वरचं दूध द्यावं लागलं तर वाटी-चमच्यानं द्या. वाटी आतून बाहेरून घासता येते, उकळता येते.

कपाशीत जाणाऱ्या आया

दिवाळीच्या आसपास वेचणी सुरू झाली की सगळा प्रश्न इथं येऊन थांबतो. मजुरी किलोवर असते, घरी बसून कसं भागेल? ज्या बाईला काम करावंच लागतं तिला मी "जाऊ नको" म्हणत नाही. शेत जवळ असेल तर झोळी निंबाखाली बांधा आणि दर दोन-अडीच तासांनी येऊन पाजा. मुकादमाशी किंवा शेतमालकाशी हे आधी बोलून ठेवा. माझ्या अनुभवात मालकीणबाईला सांगितलं की काम होतं.

लांब जायचं असेल तर दूध काढून ठेवा. साबणानं हात धुवा. झाकणाची स्टीलची वाटी पाण्यात बुडवून उकळून घ्या. अंगठा काळ्या भागाच्या वर, बोटं खाली, आधी छातीकडे मागं दाबायचं, मग चिमटीत धरल्यासारखं दाबायचं, सोडायचं. बोंडी ओढायची नाही. बोटं गोल फिरवत सगळ्या बाजूंनी काढायचं. पहिल्या दिवशी दोन चमचेच निघेल. वेचणीला जायच्या आठवडाभर आधी रोज सराव केला तर वाटी भरते. घराच्या सगळ्यात गार कोपऱ्यात झाकून ठेवायचं, 4 तासांच्या आत पाजायचं. कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर. घरी फ्रीज असेल तर आत ठेवा, त्याच दिवशी संपवा. चुलीवर तापवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात ठेवायची. उरलेलं टाकून द्यायचं. पाजणारी आजी असो की थोरली बहीण, आधी तिचे हात साबणानं.

तरीही हगवण लागलीच तर

अंगावर पिणाऱ्या बाळालाही कधी लागते, पण बहुतेक वेळा हलकी जाते. पाजणं थांबवू नका, जास्त वेळा पाजा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरी वाट न बघता थेट आरोग्य केंद्रात. त्याहून मोठ्या बाळाला अंगावरच्या दुधासोबत ओआरएस. एक लिटरचं पाकीट आशाकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात मिळतं. ते पूर्ण पाकीट उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एकदम घालायचं, अर्धं-अर्धं नाही, आणि 24 तासांनी उरलेलं फेकायचं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्या-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत सावकाश. सोबत झिंकची गोळी 14 दिवस: 2 ते 6 महिन्यांच्या बाळाला अर्धी, काढलेल्या अंगावरच्या दुधात विरघळवून, 6 महिन्यांपुढे एक. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदाही दिवस द्या.

डोळे खोल गेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू परत जाते, लघवी बंद, शीमध्ये रक्त, सगळं ओकतंय, पाजायला घेतलं तर ओढत नाही किंवा नुसतं पडून आहे: यातलं एक जरी दिसलं तरी गाडी बघा, आणि वाटेत पाजत जा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसोबत रोटाव्हायरसचं औषध तोंडात देतात, तेही चुकवू नका. ते जुलाबाच्या एका वाईट विषाणूसाठी आहे.

सहा महिने पूर्ण झाले की

आता पाणी सुरू करायचं. तोपर्यंत घरात एवढं करून ठेवा: बाळाच्या पाण्याचं वेगळं, झाकणाचं, तोटीचं भांडं. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं त्या भांड्यावर अडकवून ठेवा, म्हणजे कुणाचा हात आत बुडणार नाही. पाणी उकळून, त्याच भांड्यात गार करून, नळ आला की भांडं आतून घासून. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही चालूच. सोबत डाळीत कुस्करलेली मऊ भाकरी, तुपाचा थेंब घातलेली गुरगुट्या खिचडी, रावेर-यावलची केळी तर आपल्याकडे बारमाही, सालाच्या आत झाकलेली. खाऊ ताजा करायचा, सकाळचं दुपारी नाही.

नवव्या महिन्याच्या भेटीला मी गेले की पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाते आणि ते ओगराळं जागेवर अडकवलेलं आहे का बघते. मग बाळाला मांडीवर घेते.